हार्मनी डे आणि नेडॉक वीक: शाळेत टेबलं मांडायच्या आधी हे वाचा

ऑस्ट्रेलियात दर पाच मुलांतलं साधारण एक मूल कॅथलिक शाळेत जातं, आपल्या मराठी घरांतली पण बरीच जातात, आणि मार्च आला की शाळेचा मेसेज ठरलेला, हार्मनी डे आहे, ट्रॅडिशनल कपडे घालून पाठवा, एक प्लेट खाऊ आणा. मी काही वर्षं मुलीच्या शाळेच्या पेरेंट कमिटीत ही कामं करतेय, चुका भरपूर झाल्यात, म्हणून म्हटलं लिहून टाकावं, नवीन कोणी कमिटीत गेलं तर निदान तेच खड्डे नकोत.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वर्षी केली. हॉलमध्ये टेबलं मांडली, इटली, लेबनन, फिलिपिन्स, व्हिएतनाम, इंडिया, आणि इंडियाच्या बाजूला जागा उरली म्हणून तिथे "अ‍ॅबओरिजिनल" असा कागद चिकटवलेलं एक टेबल, त्यावर दुकानातून आणलेला बूमरँग आणि ठिपक्याठिपक्यांचा टेबलक्लॉथ. एका अ‍ॅबओरिजिनल मुलाची आई आली, टेबलाकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, घर आमचं, तुम्ही सगळे पाहुणे, आणि रांगेत आम्हालाच उभं केलंत. मला तर कुठे बघू असं झालं. पण तिचं शंभर टक्के बरोबर होतं. म्हणून पहिला नियम हाच, मायग्रंट घरांचा कल्चरल डे वेगळा आणि मूळनिवासींचा वारसा वेगळा, दोन्ही एका टेबलाच्या रांगेत बसवू नका. पाहुण्यांचा कार्यक्रम असला तरी सुरुवात यजमानांची आठवण काढून होते, एवढंच नातं ठेवा.

आता तारखा, कारण निम्मा घोळ तिथे होतो. हार्मनी डे २१ मार्चला. नॅशनल रिकन्सिलिएशन वीक, म्हणजे मूळनिवासींशी सलोख्याचा आठवडा, दरवर्षी २७ मे ते ३ जून, आणि या तारखा उगाच नाहीत, २७ मे १९६७ला ते सार्वमत झालं ज्यात मूळनिवासींना जनगणनेत धरावं आणि केंद्र सरकारला त्यांच्यासाठी कायदे करता यावेत या घटनाबदलाला नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं, आणि ३ जून १९९२ला हायकोर्टाचा माबो निकाल आला, म्हणजे ही जमीन कोणाचीच नव्हती हे म्हणणं कोर्टानेच मोडीत काढलं. ही केस लढणारे, उत्तरेकडच्या टोरेस स्ट्रेट बेटांवरचे एडी माबो स्वतः त्याच वर्षी जानेवारीत गेले, निकाल त्यांना बघायलाच मिळाला नाही, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगून बघा, वर्ग गप्प होतो. नेडॉक वीक, म्हणजे मूळनिवासींचा इतिहास आणि संस्कृती साजरी करायचा आठवडा, जुलैच्या पहिल्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत, आणि तेव्हा बऱ्याच राज्यांत शाळेला सुट्टी असते! त्यामुळे टर्म दोनच्या शेवटच्या आठवड्यात नाहीतर टर्म तीनच्या पहिल्या आठवड्यात करा, बहुतेक शाळा तसंच करतात. जुलैचा तोच पहिला रविवार चर्चमध्ये अ‍ॅबओरिजिनल अँड टोरेस स्ट्रेट आयलंडर संडे असतो, आणि नॅटसिक म्हणजे त्यांची जी राष्ट्रीय कॅथलिक कौन्सिल आहे ती त्यासाठी प्रार्थना वगैरे तयार करून देते, तर स्वतः काहीतरी जुळवत बसण्यापेक्षा ते वापरा.

मग शाळा कोणाच्या जमिनीवर आहे ते शोधा. आयॅट्सिस म्हणजे मूळनिवासींच्या अभ्यासाची जी राष्ट्रीय संस्था आहे तिचा नकाशा बघा, अडीचशेहून जास्त भाषा होत्या या देशात हे त्याच्याकडे बघितलं की डोक्यात शिरतं, पण त्यातल्या सीमा अंदाजे आहेत हे तो नकाशाच सांगतो, म्हणून तुमच्या भागातल्या कौन्सिलला म्हणजे नगरपालिकेला किंवा धर्मप्रांताच्या एज्युकेशन ऑफिसमधल्या अ‍ॅबओरिजिनल एज्युकेशन टीमला विचारून पक्कं करा. नाव नुसतं वाचू नका, कोणाकडून तरी ऐका. अ‍ॅडलेडच्या लोकांचं नाव स्पेलिंग बघून आपण कौर्ना म्हणू, म्हणायचं असतं गार्ना. आपलं आडनाव असेंब्लीत चुकीचं घेतलं की आपल्याला कसं वाटतं, तेच.

वेलकम टू कंट्री आणि अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री यात लोक कायम गोंधळतात, पहिलं म्हणजे आपल्या जमिनीवर पाहुण्यांचं स्वागत, दुसरं म्हणजे ही जमीन कोणाची याची आदराने आठवण. वेलकम फक्त त्या जमिनीचे पारंपरिक रखवालदार देऊ शकतात, म्हणजे त्यांच्यातले एल्डर, मानाचे ज्येष्ठ, किंवा त्यांनी ठरवलेली व्यक्ती. अ‍ॅक्नॉलेजमेंट कोणीही करू शकतं, तुमचा सहावीतला मुलगा पण. छापील परिच्छेद रट्टा मारून म्हणण्यापेक्षा मुलांना स्वतःचं एक वाक्य जोडू द्या, आमच्याकडे एका मुलीने "मी ज्या झाडाखाली डबा खाते ते झाड आमच्या आधीपासून इथे आहे" असं जोडलं होतं, बस, त्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

एल्डरना बोलवायचं तर दोन-तीन महिने आधी, कारण नेडॉकच्या आसपास सगळ्या शाळा, ऑफिसं, बँका त्याच चार-पाच लोकांना फोन करत असतात. आणि मानधन द्यायचं, हा मुद्दा कमिटीत भांडून मंजूर करून घ्या. डीजेला पैसे देताना कोणी कुरकुरत नाही, एल्डरांच्या वेळी मात्र "ते कम्युनिटीसाठीच करतात ना" असं ऐकू येतं. गाडी कुठे लावायची, आत कोण घेऊन येणार, बसायला सावलीत खुर्ची, चहा, हे सगळं बघायला एक माणूस नेमून ठेवा. स्मोकिंग सेरेमनी, म्हणजे स्थानिक झाडांचा पाला जाळून धुराने शुद्धी करायचा विधी, असेल तर ती बाहेर मैदानावर, आणि वारा कुठल्या बाजूने वाहतोय ते बघून मुलं उभी करा, दम्याचे पंप ऑफिसमधून आणून हाताशी ठेवा. एकदा हॉलच्या दाराशीच केली, धूर आत गेला, फायर अलार्म वाजला आणि अख्खी शाळा ओव्हलवर. एल्डर हसत होते, प्रिन्सिपल नव्हत्या.

झेंड्यांचं पण बघून ठेवा. अ‍ॅबओरिजिनल झेंड्यात काळा वर, लाल खाली, मधे पिवळा गोल, हॅरॉल्ड थॉमस यांनी १९७१मध्ये केलेला. उलटा लागतो, खरंच लागतो, मी बघितलाय. टोरेस स्ट्रेटचा वेगळा, हिरवा-निळा, मधे पांढरं धारी म्हणजे त्यांचं शिरोभूषण आणि तारा, तो बर्नार्ड नामोक यांचा, १९९२चा. दोन्ही लावा, हे दोन वेगळे समाज आहेत.

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची फादरांनी चालवलेली सामूहिक उपासना, त्याबद्दल. मी कॅथलिक नाही, त्यामुळे यात लुडबुड करत नाही, पण फादरांशी आधी बोलायला पाहिजे एवढं कळलंय. १९८६मध्ये पोप जॉन पॉल दुसरे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आले होते तेव्हा त्यांनी मूळनिवासींना साधारण असं सांगितलं की तुमचं योगदान येऊन इतरांनी ते आनंदाने स्वीकारेपर्यंत ऑस्ट्रेलियातलं चर्च येशूला हवं तसं पूर्ण होणार नाही. कोणी "धर्माच्या शाळेत हे कशाला" म्हटलं की मी हे पुढे करते, वाद संपतो. दुसरी गोष्ट दादिरी. नॉर्दर्न टेरिटरीतल्या डेली रिव्हरच्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन, शिक्षिका, चित्रकार आणि स्वतः कॅथलिक, २०२१च्या सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर, त्यांनी आपल्या लोकांची ही शांत, खोल ऐकण्याची रीत सगळ्यांपुढे आणली. प्रार्थनेआधी तीन मिनिटं मुलांना बाहेर गवतावर बसवा, काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. पहिल्या मिनिटाला खुसखुस होणारच, होऊ द्या, थांबवू नका.

वर्गात काय टाळायचं ते सांगते. ठिपक्यांची चित्रं कॉपी करून घेऊ नका, ती सेंट्रल डेझर्टकडची शैली आहे, त्यातली चिन्हं कोणाच्यातरी मालकीच्या गोष्टी सांगतात, तुमच्या भागातल्या लोकांची ती कदाचित नसेलही. त्यापेक्षा स्थानिक कलाकाराला बोलवा. डिजेरिडू उत्तरेकडचं वाद्य, काही समाजांत बायका ते वाजवत नाहीत, तेव्हा मुलींच्या हातात देण्याआधी विचारा. जुने फोटो-व्हिडिओ दाखवताना आधी सांगा की यात मृत व्यक्ती असू शकतात. आणि स्टोलन जनरेशन्स, म्हणजे सरकारने घरातून उचलून नेलेली मुलं, त्यातली काही चर्चच्याच मिशनांत ठेवली होती, हे कॅथलिक शाळेने गुळमुळीत करून सांगू नये. पण आदल्या आठवड्यात घरी पत्र पाठवा, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाची आजीच त्यातली असू शकते. त्या मुलाला "तू सांग ना" म्हणून उभं करू नका. आणि आपल्या लोकांना खास विनंती, "एवढी गोरी आहे, मग अ‍ॅबओरिजिनल कशी" हे गेटवर उभं राहून बोलू नका, मराठीत पण नको, मुलं ऐकतात आणि वर्गात जाऊन विचारतात.

वर्षभर टिकणारं काही हवं असेल तर बाग करा. लेमन मर्टलचं पान चुरगाळून मुलांच्या नाकापाशी धरा, लिंबाचा असा काही वास येतो की ते झाड ती विसरत नाहीत. वॉरिगल ग्रीन्स लावली तर कच्ची खाऊ देऊ नका, आपल्या अळूसारखंच ऑक्झलेट असतं त्यात, उकळत्या पाण्यातून काढायची आणि ते पाणी फेकायचं. जमलं तर झाडाच्या पाटीवर स्थानिक भाषेतलं नाव पण, अर्थात विचारूनच.

राहिला हार्मनी डे. नारिंगी टीशर्ट आणि समोसा एवढ्यावर भागवू नका, २१ मार्च हा मुळात वंशभेदाविरुद्धचा दिवस आहे, १९६०ला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली त्याची तारीख, वरच्या वर्गांना हे सांगाच. छोट्यांसाठी नावांचं काम करा, प्रत्येकाने आपलं नाव घरी जसं हाक मारतात तसं रेकॉर्ड करायचं आणि टीचरने ते ऐकून हजेरी घ्यायची, आमच्याकडे ज्ञानेश तीन वर्षं "नेश" होता तो त्या दिवशी ज्ञानेश झाला. मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थना घरच्या भाषांत वाचायला ठेवा, एकेक ओळ पुरते, मराठी पण होऊन जाते. खाण्यात शेंगदाणे नकोत, माझी चिक्की ऑफिसातूनच परत आली होती. आणि मार्च म्हणजे बहुतेक वेळा लेंट, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, शुक्रवार असेल तर बरीच कॅथलिक घरं मांस खात नाहीत, तेव्हा सॉसेज रोलच्या चार ट्रे ऑर्डर करायच्या आधी कॅलेंडर उघडा. आम्ही उघडलं नव्हतं, त्या दिवशी माझा ढोकळा मात्र सव्वाअकराला संपला.