शून्य बेडकांची रात्रही वहीत लिहा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा विषय ठरला, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरांमधले, म्हणजे सुपारी-नारळ-केळीच्या बागांमधले बेडूक. जून-जुलैत मिळून मी अकरा रात्री फिरले, पण वहीत नोंदी सातच रात्रींच्या होत्या. उरलेल्या चार रात्री काही दिसलं नव्हतं, म्हणून काही लिहिलंही नव्हतं. ऑगस्टमध्ये वही माझ्या मार्गदर्शक मॅडमसमोर ठेवली तेव्हा त्यांनी बेडकांबद्दल काही विचारलंच नाही. "एकूण किती रात्री गेलीस? प्रत्येक रात्री किती वेळ शोधलंस?" सात रात्रींचं मी धडाधड सांगितलं. चार रात्रींचं सांगता येईना. कुठल्या कुळागरात गेले होते, पाऊस होता की उघाड, किती वाजता परतले, काहीच आठवेना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग या सात रात्रींचाही अर्धा अर्थ गेला."

त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी आज पहिली गोष्ट हीच सांगते. प्राणी मिळाला तेवढंच लिहिणं ही हौस झाली. शोधलं किती आणि मिळालं नाही कधी, हे लिहिलं की संशोधन सुरू होतं.

थोडं गणित करून बघा. समजा, एक बेडूक त्या कुळागरात आहेच, पण एका फेरीत तो तुम्हाला दिसण्याची शक्यता ४० टक्के आहे. तुम्ही एकदाच गेलात तर दहापैकी सहा वेळा 'नाही' असं लिहून परत याल, आणि तो तिथेच केळीच्या पानाखाली बसलेला असेल. तीन फेऱ्या केल्यात तर निदान एकदा दिसण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर जाते. हे ४० टक्के कुणी आयते हातात देत नाही. कुठल्या फेरीत दिसला आणि कुठल्या फेरीत नाही, या दोन्ही नोंदींवरूनच ते काढावे लागतात. शून्यं गाळलीत की हिशेबच मांडता येत नाही. या पद्धतीला ऑक्युपन्सी मॉडेलिंग म्हणतात. आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात 'अनमार्क्ड' नावाचं पॅकेज या कामासाठीच आहे. संख्याशास्त्राला घाबरून जीवशास्त्र घेतलेल्यांनी हे आधीच ओळखून असावं की पर्यावरणशास्त्रात आकडेमोड टळत नाही. मला ती दोन वर्षं जड गेली, मग आवडायला लागली.

आता माझ्या वहीत प्रत्येक फेरीला आधी हे येतं: तारीख, ठिकाण, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, शोधणारी माणसं किती, पाऊस, हवेचं तापमान, चंद्र. बेडूक त्यानंतर. सगळं पेन्सिलीनं, कारण गोव्यातल्या जुलैत शाई टिकत नाही. घरी आल्यावर अंग पुसायच्या आधी पानाचा फोटो काढायचा. सकाळी करू म्हटलं की राहिलंच.

विषय निवडताना बहुतेकांची नजर म्हादई नाहीतर मोलेच्या जंगलाकडे जाते. ती जंगलं मोलाचीच आहेत. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं, नेत्रावळी २११चं, दोन्ही १९९९ मध्ये घोषित झालेली. पण पहिल्या कामासाठी मी घराजवळची जागा सुचवते, जिथे रात्री साडेआठला दुचाकीवर वीस मिनिटांत पोचता येईल आणि तीच वाट पावसाळाभर पुन्हा पुन्हा तुडवता येईल. अख्ख्या गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्यात सडे आहेत, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहेत, खारफुटी आहे, कुळागरं आहेत, आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं वागतं. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य दोन चौरस किलोमीटरांहूनही लहान आहे, तरी तिथे एकाच प्रश्नावर वर्ष काढता येईल. जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या सरींनंतर साचणारी डबकी बघा. ती काही आठवड्यांत आटतात, तेवढ्यात बेडकांच्या पिल्लांना मोठं व्हायचं असतं. खाजनात मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या वाटेची, दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघडतात, मिटतात, त्याबरोबर मासे, खेकडे, बगळे सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं. यातला प्रत्येक विषय एका माणसाला पुरून उरेल.

आणि आपल्याकडे अजून नवं सापडतंय. देवगांडूळ म्हणजे बिनपायांचा उभयचर. लोक त्याला साप समजून मारतात, शास्त्रात तो बेडकांचा नातलग. २००७ मध्ये त्याच्या दोन नव्या जाती या भागातून नोंदल्या गेल्या, एकीच्या नावात गोवा आहे, दुसरीच्या म्हादई. २०१५ मध्ये एका बेडकाला 'गोमांतकी' हे नाव मिळालं. त्याच वर्षी, कुळागरात आणि शेतात सर्रास दिसणारा आपला सोनेरी पाठीचा बेडूक 'मलाबारिका' नसून 'बहुविस्तारा' ही वेगळीच जात आहे, असं दाखवलं गेलं. म्हणजे जुन्या वह्यांतली नावं एका रात्रीत बदलली. ज्यांनी फोटो आणि आवाजाची ध्वनिफीत जपली होती, त्यांना आपल्या नोंदी पुन्हा तपासता आल्या. नुसतं नाव लिहून थांबू नका, हे त्यासाठी.

मला या विषयाला बांधून टाकलं ते एका घरट्यानं. आजोबांच्या कुळागरात (नात्यातले नव्हेत, पण सगळा वाडा त्यांना आजोबाच म्हणतो) पाट जिथे तळीत उतरतो, तिथे वर वाकलेल्या एका फांदीवर पानं एकमेकांना चिकटून मुठीएवढा पांढरा फेस लटकत होता. मलबारी उडत्या बेडकाचं ते घरटं. मादी पायांनी घुसळून फेस करते, त्यात अंडी. दोन दिवसांत वरचा थर वाळून पिवळसर, कागदासारखा झाला, आत मात्र ओलं. मी रोज संध्याकाळी अर्धा तास समोरच्या दगडावर बसायचे. साधारण आठवड्यानं, सर पडून गेल्यावर, खालून फेस पातळ झाला आणि एकेक शेपटीवाला ठिपका टप्‌ टप्‌ करत तळीत पडायला लागला. पहिले काही पडल्यावर मी मोजणं विसरले. आजोबा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "बाय, ही फांदी मी दरवर्षी छाटतो. यंदा ठेवतो." तेव्हापासून ती फांदी तशीच आहे.

गावात माणसांशी बोलणं हा कामाचाच भाग आहे, आणि तो कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. सत्तरीत टॉर्च, जीपीएस आणि वही घेऊन फिरणारं कुणी दिसलं की पहिला प्रश्न येतो, "वाघाचं काम आहे का?" जानेवारी २०२० मध्ये म्हादईत वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्प घोषित करायला सांगितलं. लोकांना आपल्या जमिनीची काळजी वाटते, आणि ती समजून घ्यायला हवी. मी चहा घेते, बसते, वही उघडून दाखवते. तुमचा निष्कर्ष इंग्रजी जर्नलमध्ये छापून येईल, पण तोच मराठीत, कोकणीत त्या ओसरीवर सांगणंही तुमचंच काम आहे.

दुसरा गैरसमज जास्त त्रासाचा. पहिल्या पावसात मोठे बेडूक पकडून 'जंपिंग चिकन' म्हणून खपवणारे लोक रात्री टॉर्च आणि पिशव्या घेऊन फिरतात. कायद्यानं बंदी आहे, तरी. अंधारात तुम्ही त्यांच्यासारखेच दिसता. परवान्याची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवा, वनरक्षकाला निघण्याआधी फोन करा आणि पिशवी बरोबर नेऊच नका. बेडकांच्या विणीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. मी एकदा एका तळीचा फोटो गावाच्या नावासह टाकला होता, तो तासाभरात काढला. अजून त्याची धाकधूक वाटते.

परवान्याचं आधी बघा. अभयारण्यात पाऊल टाकायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि संरक्षित प्राणी हाताळायचा असेल तर अभयारण्याबाहेरही वन्यजीव कायदा लागू असतोच. शिवाय विद्यापीठाच्या प्राणी-नैतिकता समितीची मान्यता. माझा एक अर्ज एका कार्यालयात दोन महिने पडून राहिला आणि अर्धा जून हातचा गेला. पावसाळ्याचं काम असेल तर अर्ज फेब्रुवारीत द्या. खासगी कुळागरात मालकाला विचारूनच जा, दरवेळी.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडीतून पसरतो. पावसाच्या आधीचे कोरडे महिने जास्त धोक्याचे. लांब मोजे, पँट त्यात खोचलेली, परतल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग तपासणं. ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगा. एका तळीतून दुसरीकडे जाताना बूट घासून, जंतुनाशकानं धुवा. बेडकांना कातडीची बुरशी होते आणि ती आपल्याच पायांनी पोचू शकते. एकटीनं जाऊ नका. पहिल्या हंगामात माझ्याबरोबर चुलतभाऊ यायचा. आई तो आला तरच दार उघडायची. त्याच्या नावानं माझ्या प्रबंधात आभार आहेत, सगळ्यांत आधी.

पैशांचं. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. गेट या प्रवेशपरीक्षेत 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' असा वेगळा पेपर आहे, तो आमच्यासारख्यांना सोयीचा. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. समुद्री प्राण्यांत रस असेल तर तिथल्या प्रकल्पांकडे लक्ष ठेवा. फेलोशिप कधीकधी उशिरा जमा होते, म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

मार्गदर्शक निवडताना त्यांची शोधनिबंधांची यादी बघाच, पण त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांशीही बोला. मसुदा किती दिवसांत वाचून परत येतो, एवढं विचारा.

आणि एप्रिलमध्ये, पाट कोरडे असताना, एकदा दिवसा आपली सगळी वाट चालून घ्या. कुठला दगड निसरडा होईल, विहिरीला कठडा कुठे नाही, कुत्रा कुठल्या घरचा. दर पन्नास मीटरवर झाडाला सुतळी बांधा, म्हणजे जूनच्या अंधारात कुठे थांबून ऐकायचं ते शोधावं लागत नाही. मग घरी येऊन वहीचे रकाने आखा, आणि पहिल्या रात्री काही दिसलं नाही तर बेडकांच्या रकान्यात शून्य लिहा.