मुलांचा न्यूरोसर्जन व्हायचंय? आधी ‘नळी’ शिका

मुलांच्या मेंदूचा सर्जन म्हटलं की डोळ्यांसमोर मायक्रोस्कोप आणि ट्यूमर येतो. रोजचं काम मात्र बहुतेक वेळा डोक्यात साठलेल्या पाण्याचं असतं. आईबाप ज्याला ‘नळी टाकणं’ म्हणतात, ती व्हीपी शंटची (मेंदूतलं पाणी पोटात नेणाऱ्या नळीची) शस्त्रक्रिया म्हणजे या शाखेची भाजी-भाकरी. रुग्णसेवेबरोबर संशोधनही करायचं असेल तर दोन्हींची सुरुवात याच नळीपासून करा.

आधी वर्षांचा हिशोब. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच, नीट-पीजीतून एमएस जनरल सर्जरी ३, नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेतून एमसीएच (सर्जरीतली त्यापुढची पदवी) न्यूरोसर्जरी ३, वर मुलांच्या न्यूरोसर्जरीची फेलोशिप साधारण १. एकही वर्ष वाया न जाता तिशी उलटते. सरकारी महाविद्यालयातली बंधपत्राची सेवा आणि परीक्षेचे हुकलेले प्रयत्न यात धरलेले नाहीत. दुसरा रस्ता एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा: दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेत त्यांच्या आयएनआय-सीईटी या प्रवेश परीक्षेतून एमसीएच, किंवा नीट-पीजीतून डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी). वर्षं तेवढीच लागतात, मधली प्रवेश परीक्षा वाचते. पण चौथ्या वर्षी मन उडालं तर हातात एमएस नसते, हे आधी समजून घ्या. एमसीएच पीडियाट्रिक सर्जरी ही शाखा वेगळी. अनेक ठिकाणी ते सर्जनही शंट टाकतात, पाठीच्या कण्यावरची जन्मजात उघडी गाठ बंद करतात. मेंदूतल्या गाठी आणि फिट्सच्या शस्त्रक्रिया करायच्या असतील तर न्यूरोसर्जरीच घ्या.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) रक्त शिकवतं. तान्ह्या बाळात किलोमागे सुमारे ८० मिलि रक्त असतं. ५ किलोच्या बाळात ४०० मिलि. म्हणजे ४० मिलि गेलं की दहावा हिस्सा गेला. तेवढं रक्त काही गॉझ आणि ड्रेप मिळून गुपचूप पितात, सक्शनच्या बाटलीत दिसतच नाही. म्हणून गॉझ वजन करून मोजा, आणि टाका घालण्याआधी नव्हे, चीर देण्याआधी रक्त ओटीत आहे का ते विचारा. बाळ आत येण्याआधी ओटी गरम झालेली हवी. दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्याला ते स्थिर धरणाऱ्या पिना लावणं टाळा, कवटी पातळ असते आणि पिन आत शिरते. त्याऐवजी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मऊ हेडरेस्ट घ्या. मूल पालथं असेल तर डोळ्यांवर दाब येत नाही ना, हे स्वतः वाकून बघा.

शंट बिघडतो मुख्यतः दोन कारणांनी: अडतो किंवा जंतू लागतात. जंतू बहुधा त्वचेवरचेच असतात, नळी आत जाताना तेही आत जातात. त्यामुळे शिस्त हेच औषध. उत्तर अमेरिकेतल्या हायड्रोसेफलस (डोक्यात पाणी साठणं) क्लिनिकल रिसर्च नेटवर्कने ठरावीक पायऱ्यांची पद्धत सगळ्या सर्जनांना सारखी लावली, तेव्हा संसर्गाचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ५.७ वर आलं (२०११). त्यात महागडं काही नव्हतं: ओटीच्या दारावर ‘आत येऊ नका’ची पाटी, डोकं दारापासून लांब, चीर देण्याआधी अँटिबायोटिक, त्वचेवरचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पुसून न टाकता ३ मिनिटं वाळू देणं, दोन जोड हातमोजे. वेळ वाचवायला सगळ्यात आधी ती ३ मिनिटंच कापली जातात.

प्रत्येक बाळाला नळीच लागते असं नाही. दुर्बिणीतून मेंदूतल्या पाण्याला नवी वाट काढता येते, ती ईटीव्ही. ती सहा महिन्यांनंतरही चालू असेल का, याचा अंदाज वय, कारण आणि आधीचा शंट यांच्या गुणांवरून बांधतात; गुण जास्त तितकी शक्यता जास्त. अरुंद अॅक्विडक्टमुळे (मेंदूतल्या पाण्याच्या अरुंद वाटेमुळे) पाणी साठलेला, शंट नसलेला १२ वर्षांचा मुलगा: ५० + ३० + १० = ९०. संसर्गानंतर पाणी साठलेलं ४ महिन्यांचं बाळ, शंट नाही: १० + ० + १० = २०. दुसऱ्याला ईटीव्ही करायला निघाला असाल तर थांबा.

डिस्चार्जच्या दिवशीची दोन कामं कोणी शिकवत नाही. पालकांना कार्ड द्या: शंटचा प्रकार, व्हॉल्व्हचा (पाण्याचा प्रवाह आवरणाऱ्या झडपेचा) दाब, तारीख. आणि मूल बरं असताना काढलेला स्कॅन त्यांच्या मोबाइलवर ठेवा. पुढे उलट्या सुरू झाल्या की गावात ‘पित्त’ म्हणून गोळ्या मिळतात. मोठ्या रुग्णालयात आल्यावरही जुना स्कॅन नसेल तर मेंदूतली पाण्याची पोकळी आता वाढली की आधीपासून तशीच होती, हे कळत नाही.

संशोधनाचा विषय निवडताना दुर्मीळ गाठीचा मोह आवरा. प्रबंधाच्या मुदतीत चार केसेसही मिळणार नाहीत. जे रोज दिसतं ते विचारा. भारतीय बनावटीचा स्वस्त छाब्रा शंट महागड्या शंटच्या तोडीचा आहे का, या साध्या प्रश्नावर युगांडात १९५ मुलांचा अभ्यास झाला आणि वर्षभरानंतरच्या निकालात फरक दिसला नाही (२००५). क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये पाणी साठलेल्या रुग्णांची प्रतवारी वेल्लोरहून आली (१९९१).

एमसीएचच्या पहिल्या आठवड्यात एक तक्ता उघडा: जन्मतारीख, वजन, कारण, शस्त्रक्रियेची तारीख, व्हॉल्व्ह, बिघाडाची तारीख आणि शेवटच्या संपर्काची तारीख. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला की अभ्यास तिथेच मेला. न आलेलं मूल बरं आहे, की दुसरीकडे शंट बदलून घेतला, की दगावलं, हे सांगता येत नाही. परभणीहून मुंबईला आलेलं कुटुंब दर तीन महिन्यांनी येणार नाही. म्हणून दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक आशाताईंचा. नावं तक्त्यात नकोत, फक्त क्रमांक; कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळी आणि कुलुपात.

एथिक्स समितीची परवानगी माहिती गोळा करण्याआधी घ्यायची, नंतर नाही. पालकांची संमती तर हवीच. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात मुलाचा तोंडी होकार, १२ च्या पुढे लेखी. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या ट्रायल-नोंदवहीत नोंदणी करा.

लॉगबुकात ‘केलं’, ‘मदत केली’, ‘पाहिलं’ असे तीन रकाने वेगळे ठेवा. फेलोशिपच्या मुलाखतीत पहिला प्रश्न संख्येचा असतो आणि दुसरा, त्यातले किती शंट पुन्हा उघडावे लागले, हा.