स्क्रब टायफसचा जिवाणू पेशीत कसा शिरतो, हे वर्गात कणकेने कसे दाखवावे

विदर्भातील कास्तकारांच्या मुलांना स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचे नाव नवे नाही. 2018 मध्ये नागपूर परिसरात त्याची साथ आली होती. धुऱ्यावरच्या गवतातील माइट या बारीक किडीच्या अळीच्या चाव्यातून ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू अंगात येतो, एवढे त्यांनी ऐकलेले असते. मात्र ज्या रोगप्रतिकारक पेशींनी त्याला संपवायचे, त्यांच्याच आत तो कसा जाऊन बसतो, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हातांनी लवकर समजते.

सैलसर कणकेचा लिंबाएवढा गोळा, तुरीचे दाणे आणि गुळाचा घट्ट पाक घ्यावा. गोळा म्हणजे पेशी आणि दाणा म्हणजे जिवाणू. गोळ्याला वरून कोरडे पीठ लावावे, म्हणजे नुसता ठेवलेला दाणा गोळा कलवताच घरंगळतो आणि पाकात बुडवलेला चिकटून राहतो. हा पाक म्हणजे फायब्रोनेक्टिन. ते जिवाणूचे नसून आपल्याच रक्तातील व ऊतींतील प्रथिन आहे, हे येथे थांबून सांगावे, कारण सगळी मेख त्यातच आहे. जिवाणूच्या पृष्ठभागावरील टीएसए56 हे प्रथिन फायब्रोनेक्टिनला धरते, फायब्रोनेक्टिन पेशीच्या पृष्ठभागावरील अल्फा-5-बीटा-1 इंटिग्रिन या प्रथिनाला धरते, आणि इंटिग्रिनकडून आत इशारा गेला की पेशीच जिवाणूला ओढून घेऊ लागते.

या टप्प्यावर दाणा अंगठ्याने दाबण्याचा मोह होतो. माझ्याकडून पहिल्या वेळी तेच झाले आणि अर्ध्या वर्गाने ‘जिवाणू भोक पाडतो’ असे वहीत लिहिले. दाणा जागीच ठेवून भोवतालची कणीक चिमटीने वर ओढावी व दाण्यावर मिटवावी. ही साखळी रोगप्रतिकारक पेशींवर नव्हे, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या इतर पेशींवर उलगडली, हे सांगावे. मोनोसाइट आणि महाभक्षी या रोगप्रतिकारक पेशी तर जंतूंना मुळातच गिळणाऱ्या, हेही सांगावे.

दाण्याभोवती झालेली कणकेची पिशवी नंतर सुईने फोडावी. जिवाणूही असाच पिशवीतून सुटून पेशीद्रवात येतो आणि तेथेच वाढतो.

‘मग लस का नाही?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. तेव्हा तुरीशेजारी मूग, उडीद आणि चणा ठेवावा: टीएसए56 ची घडण जिवाणूच्या प्रकारागणिक बदलते, त्यामुळे तुरीला ओळखणारे प्रतिपिंड (जंतूला ओळखून धरणारे शरीरातील प्रथिन) चण्याला ओळखेलच असे नाही.