बहुराष्ट्रीय कंपनीला जाब विचारताना: खाडीकाठच्या गावांसाठी

कोकणातल्या खाडीत एखाद्या प्रकल्पाचे सांडपाणी येते तेव्हा गावासमोर उभे असतात ते कारखान्याचे व्यवस्थापक आणि फाटकावरचा पहारेकरी. प्रकल्पाची खरी मालकी मात्र अनेकदा परदेशात असते. त्या मालकापर्यंत तक्रार पोहोचवता येते, पण तिथे ती टिकते की नाही, हे गावातल्या नोंदीवर ठरते. म्हणून सुरुवात वहीपासून करावी.

खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या एका बाईंची वही मी पाहिली आहे. साधी शंभर पानी वही, आणि त्यात एक नोंद अशी: ‘अष्टमी, भांग, सकाळी सात. बोय मासळी उलटी पडलेली, पाण्याला औषधासारखा वास, आज पाटी रिकामी.’ तिथी असल्यामुळे त्या दिवशी पाणी किती चढले-उतरले असेल, हे पुढे कोणालाही पडताळता येते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत खाडीचे पाणी कमी हलते आणि घाण अधिक काळ तिथेच राहते. अशा नोंदीत इंग्रजी तारीख, वेळ, नेमकी जागा, पाहणाऱ्याची सही आणि त्या दिवशीचे बुडालेले उत्पन्न एवढी भर घातली की ती भक्कम होते. मोबाईलवरचे मूळ फोटो खोडू नयेत, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीतून वेळेची आणि जागेची माहिती बहुधा गळून जाते.

पाण्याचा नमुना गावाने जरूर घ्यावा, पण त्यावर विसंबून राहू नये. जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यानुसार सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने, कारखान्याला नोटीस देऊन आणि नमुना मोहोरबंद करून तो घेतलेला असावा लागतो. त्यामुळे मासे मेल्याच्या पहिल्याच तासात मंडळाला आणि तहसीलदारांना लेखी कळवावे, पंचनाम्याची मागणी करावी आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. शिक्का नसलेला अर्ज पुढे कोणी मोजत नाही.

मग मालक शोधावा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीचा २१ अक्षरी-अंकी ओळख क्रमांक मिळतो आणि अल्प शुल्कात तिची वार्षिक विवरणपत्रे पाहता येतात. भागधारक कोण, मूळ कंपनी कुठली आणि कोणत्या बँकेकडे मालमत्ता तारण आहे, या तीन गोष्टी त्यातून टिपून घ्याव्यात. पर्यावरण मंजुरीच्या अटी आणि त्यांच्या पालनाचे सहामाही अहवाल माहिती अधिकारात मागवावेत. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

कर्ज देणारी संस्था हे दार लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. गुजरातेत मुंद्रा इथल्या मच्छीमारांनी कोळशावरच्या वीज प्रकल्पाबाबत २०११ मध्ये, त्याला कर्ज देणाऱ्या जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या तक्रार लोकपालाकडे तक्रार केली आणि लोकपालाने महामंडळाच्या कामातले दोष दाखवले. सुधारणा होईना म्हणून ते अमेरिकेच्या न्यायालयात गेले. अशा संस्थेला खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तरीही पुढे त्यांचा दावा टिकला नाही, कारण तक्रारीचे मूळ भारतात घडले, असे खालच्या न्यायालयांनी ठरवले. मार्ग लांबचा आहे, हे गावाला आधीच प्रामाणिकपणे सांगावे.

इंग्लंडमध्ये झांबियाच्या गावकऱ्यांनी वेदांता या खाण कंपनीविरुद्ध लढलेल्या प्रकरणात, मूळ कंपनीने पर्यावरणाबाबत स्वतः प्रसिद्ध केलेल्या धोरणांनाही २०१९ मध्ये महत्त्व मिळाले. तेव्हा मूळ कंपनीची आश्वासने आजच्या तारखेसह उतरवून ठेवावीत. फ्रान्सच्या २०१७ च्या कायद्यानुसार तिथल्या मोठ्या कंपन्यांना आपल्या परदेशी कामांतल्या मानवी हक्कांच्या धोक्यांबाबत दक्षता आराखडा प्रसिद्ध करावा लागतो, आणि तो अपुरा असल्यास नोटीस देऊन तीन महिन्यांनी न्यायालयात जाता येते. जैतापूरच्या प्रस्तावित अणुप्रकल्पामागची ईडीएफ ही वीज कंपनी फ्रेंच आहे, हे आपल्या किनाऱ्याने ध्यानात ठेवावे.

घरचे दार मात्र आधी ठोठवावे, कारण मुदती कडक आहेत. राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी तिथे सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षे, आणि मंजुरीविरुद्धच्या अपिलासाठी अवघे ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवल्यास प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळू शकते. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात जावे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

प्रदूषणाबरोबरच दडपशाहीचीही नोंद ठेवावी. गुहागर तालुक्यातल्या वेलदूरमध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांवर ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी छापा घातला आणि बायकांना मारहाण झाली. जखमांची, अटकांची आणि साक्षींची नोंद झाल्यामुळेच ते अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आणि ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालांपर्यंत पोहोचले. प्रकल्पाच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालाने मांडले. म्हणून मार लागल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि केसपेपर जपावा. ज्यांना नाव उघड होण्याची भीती आहे, त्यांची नावे मूळ वहीतच ठेवावीत आणि तक्रारीत गोपनीयतेची मागणी करावी.

शेवटी कंपनीचा माणूस भरपाईचा धनादेश आणि पावती घेऊन दारात येईल, बहुतेक सणाच्या तोंडावर, घरात पैशाची निकड असताना. पावतीत ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असे वाक्य आहे का, ते आधी शोधावे. कागद इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागावी, वकिलाला दाखवेपर्यंत सही करू नये आणि अंगठा तर मुळीच देऊ नये. तोवर वही चालूच ठेवावी.