परातीत मोजा रेणूची जाडी

नॅनोविज्ञान म्हणजे केसाच्या जाडीचं चित्र दाखवून मोकळं होणं नव्हे. आठवी-नववीची मुलं एका रेणूएवढी जाडी स्वतः मोजू शकतात, तीही फूटपट्टीने. तेलातलं ओलेइक आम्ल पाण्यावर एका रेणूएवढ्या जाडीच्या थरात पसरतं; आम्लाच्या घनफळाला थराच्या क्षेत्रफळाने भागलं की जाडी मिळते.

ओलेइक आम्ल आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळतं. (७० टक्क्यांचं नको, त्यातल्या पाण्यामुळे आम्ल नीट विरघळत नाही.) १ मिली आम्लात अल्कोहोल घालून २० मिली करा, त्यातलं १ मिली घेऊन पुन्हा २० मिली करा. द्रावण ४०० पट विरळ झालं. जवळपास ज्योत नको.

आता परात, ४० सेंटिमीटरची. सगळा प्रयोग इथेच बिघडतो. कणीक मळायच्या परातीला तेलाचा अंश असतोच. तो पाण्यावर आधीच पसरतो आणि तुमच्या थेंबाला जागाच उरत नाही. साबणाने घासा आणि भरपूर विसळा, कारण उरलेला साबणही तोच घोळ घालतो. नंतर आतून बोट लावू नका. पाणी बोटभर पुरे.

त्यावर टाल्कम पावडर, मलमलीतून झटकून, खालचं पाणी दिसत राहील इतकीच. पावडर जाड पडली की थर तिला ढकलू शकत नाही, वर्तुळ लहान राहतं आणि जाडी फुगते. कॅरमची पावडर नको. ती बोरिक ॲसिडची असेल तर विरघळते. खडूची भुकटी बुडते. पावसाळ्यात गुठळ्या होतात, चाळून घ्या. आणि पंखा बंद. मे महिन्यात मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्यात.

आधी नुसत्या अल्कोहोलचा थेंब टाका. पावडर सरकते आणि पुन्हा मिटते. हललीच नाही तर परात तेलकट. मिटली नाही तर ड्रॉपर मळलेला.

मग द्रावणाचा एकच थेंब, मधोमध, पाण्यालगत धरून. अल्कोहोल निघून जातं, आम्लाचा थर पावडर ढकलून मोकळा डाग करतो. तो वेडावाकडाच येतो. चार दिशांनी व्यास मोजून सरासरी काढा. दुसऱ्या थेंबाआधी परात पुन्हा धुवायची, पाणी नवं.

१ मिलीत ६० थेंब असतील तर एका थेंबात आम्ल १/२४,००० घन सेंटिमीटर. व्यास १७ सेंटिमीटर आला तर क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की जाडी सुमारे १.८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). थरात रेणू उभे असतात आणि रेणूची लांबी साधारण २ नॅनोमीटर आहे, म्हणजे उत्तर चांगलं.

थेंब मात्र त्याच ड्रॉपरने, त्याच द्रावणाचे मोजा. पाण्याचे थेंब मोठे, मिलीत वीसेक. उत्तर ५-६ नॅनोमीटर आलं तर थेंब पाण्याने मोजलेत का, हे आधी विचारा.