डीव्हीडी रायटर वापरताना या चुका टाळा

संगणकात बसवलेल्या डीव्हीडी रायटरविषयी मला विचारले जाणारे प्रश्न गेल्या अनेक वर्षांत फारसे बदललेले नाहीत. डिस्क संगणकावर चालते, पण टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर चालत नाही. मागच्या वर्षी लिहिलेली डिस्क आज उघडत नाही. नव्वद टक्क्यांपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मग रायटर अडतो. दोष प्रत्येक वेळी रायटर बनवणाऱ्या कंपनीला दिला जातो आणि थोडी चौकशी केली की त्याच त्या चुका बाहेर येतात. रायटर बिघडतच नाहीत असे मी म्हणत नाही. मात्र बिघडलेल्या रायटरपेक्षा घाईने वापरलेले रायटर मी कितीतरी अधिक पाहिले आहेत.

लिहिणाऱ्यालाच तपासायला सांगणे

माझ्या मावसभावाने घरातील जुन्या व्हिडिओ टेप संगणकावर उतरवून त्यांच्या सव्वीस डीव्हीडी तयार केल्या. काम त्याने मनापासून केले होते. प्रत्येक डिस्क लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’चा, म्हणजे लिहिलेले परत वाचून ताडून पाहण्याचा, पर्यायही निवडला होता आणि सव्वीसही वेळा पडद्यावर यशस्वी झाल्याचा संदेश आला होता. त्या भरवशावर त्याने हार्ड डिस्कवरील मूळ फाइल पुसल्या आणि टेपही टाकून दिल्या. दोन वर्षांनी त्याचा रायटर कोऱ्या डिस्क नाकारू लागला, म्हणून त्याने नवा संगणक घेतला. नव्या ड्राइव्हमध्ये सव्वीसपैकी पंधराच डिस्क पूर्ण वाचल्या गेल्या. उरलेल्या अकरांपैकी काही अर्ध्यावर थांबत होत्या, तर काही डिस्क आत आहे हेसुद्धा ड्राइव्ह ओळखत नव्हता.

सुदैवाने जुना संगणक अडगळीत तसाच पडून होता. त्यातील रायटर काढून मी तो अडॅप्टरने यूएसबीवर जोडला, वाचनाचा वेग सॉफ्टवेअरमधून खाली आणला आणि एकेक डिस्क त्यात घातली. लेखनासाठी निकामी झालेल्या त्या रायटरने स्वतः लिहिलेल्या अकरापैकी दहा डिस्क तक्रार न करता वाचून दिल्या. अकराव्या डिस्कची शेवटची काही मिनिटे मात्र हाती आली नाहीत. ती डिस्क काठोकाठ भरलेली होती, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

यामागे काही चमत्कार नाही. डीव्हीडीवरील सर्पिल मार्गाच्या दोन फेऱ्यांमधील अंतर 0.74 मायक्रोमीटर असते आणि सर्वांत लहान खुणेची लांबी सुमारे 0.4 मायक्रोमीटर. एवढ्या बारीक कामात एखाद्या रायटरचा लेझर किंचित कलता झाला असेल, तर त्याने उमटवलेल्या खुणांतही तो दोष उतरतो. आणि वाचताना तोच कल असल्याने, माझ्या तर्काप्रमाणे, त्या रायटरला स्वतःचे अक्षर लागते, इतरांना लागत नाही. दुसरे कारण अधिक फसवे आहे. डीव्हीडीवरील माहितीबरोबर चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही लिहिलेली असते आणि वाचताना ड्राइव्ह बहुतेक चुका गुपचूप भरून काढतो. त्यामुळे जेमतेम लिहिली गेलेली डिस्क आणि उत्तम लिहिली गेलेली डिस्क या दोन्ही व्हेरिफायच्या परीक्षेत सारख्याच उत्तीर्ण होतात. पहिली किती जेमतेम होती, हे थोडा ओरखडा पडल्यावर, आतील रंगद्रव्य जुने झाल्यावर किंवा नवखा ड्राइव्ह समोर आल्यावर कळते.

म्हणून माझा नियम साधा आहे. डिस्क ज्या रायटरने लिहिली त्याच्या मतावर मी विसंबत नाही. ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्यातील सर्व फाइल हार्ड डिस्कवर उतरवून पाहतो. त्यासाठी घरातील सर्वांत चिकित्सक ड्राइव्ह निवडतो, आणि तो बहुधा जुन्या लॅपटॉपमधील सडपातळ ड्राइव्ह असतो. महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती दोन वेगळ्या उत्पादकांच्या डिस्कवर करतो आणि सहा महिन्यांनी त्या पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय मूळ फाइल पुसत नाही. हा उपद्व्याप अनेकांना अतिरेकी वाटतो. त्यांपैकी दोघे नंतर अडॅप्टर मागायला माझ्याकडे आले, एवढे सांगून पुढे जातो.

सोळापटीचा मोह

खोक्यावर 16एक्स छापलेले दिसले की नवशिक्याला त्याखालचा आकडा निवडणे म्हणजे स्वतःचे नुकसान वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. डीव्हीडीचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला साधारण 1.385 एमबी, त्या वेगाने पूर्ण डिस्क लिहायला जवळपास तास लागतो. सोळापट वेगाने तीच डिस्क चार मिनिटांत व्हायला हवी, परंतु प्रत्यक्षात साडेपाच-सहा मिनिटे लागतात, कारण सोळापटीचे रायटर डिस्क एकाच गतीने फिरवतात आणि आतल्या कडेला लेखनाचा वेग साडेसहापटीच्या आसपासच असतो. सोळाचा आकडा गाठला जातो तो अगदी बाहेरच्या काठाशी. आठपट वेगाने काम आठ ते दहा मिनिटांत संपते. म्हणजे वाचतात ती तीन-चार मिनिटे, आणि त्यांच्या मोबदल्यात डिस्कच्या सर्वांत नाजूक भागावर, जिथे ती किंचित वाकलेली असू शकते आणि रंगद्रव्याचा थरही तितका एकसारखा नसतो, लेखन सर्वाधिक वेगाने होते. काठाजवळचे शेवटचे प्रकरण अडखळते, अशी तक्रार आली की वेग कोणता होता हे मी आता विचारतही नाही.

याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत. ‘हळू लिहिलेले चांगले’ हे कुठेतरी ऐकून ते सोळापटीच्या डिस्कवर दोनपटीने लिहायला बघतात. अशा डिस्कचे रंगद्रव्य जलद लेखनासाठी बनवलेले असते आणि रायटरमध्येही त्या डिस्कसाठी इतक्या कमी वेगाची नीट बसवलेली पद्धत बहुधा नसते. काही रायटर तर तो वेग दाखवतही नाहीत. छापील कमाल वेगाच्या साधारण निम्मा वेग, म्हणजे सोळापटीच्या डिस्कला आठपट, ही माझी सवय आहे आणि ती मोडण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

काठोकाठ भरणे

डिस्कवरील 4.7 जीबी हा आकडा दशमान पद्धतीचा आहे. विंडोजच्या मोजणीनुसार त्यात सुमारे 4.38 जीबी मावते. हे न कळल्याने काहींची फाइल मावत नाही, आणि कळलेले लोक शेवटच्या एमबीपर्यंत डिस्क भरतात. लेखन आतून बाहेर होत जाते, त्यामुळे शेवटचा मजकूर काठाशी, म्हणजे बोटांचे ठसे, ओरखडे आणि वाकडेपणा यांच्या तोंडी येतो. मावसभावाची ती मिनिटे तिथेच होती. मी दोन-तीनशे एमबी जागा मोकळी सोडतो.

ब्रँड पाहून कोरी डिस्क घेणे

खोक्यावरील नाव आणि डिस्क तयार करणारा कारखाना यांचा संबंध असेलच असे नाही. एकाच ब्रँडच्या दोन खोक्यांत दोन कारखान्यांचा माल निघू शकतो. रायटरला खोके दिसत नाही. तो डिस्कवर आधीच कोरलेला उत्पादकाचा संकेत वाचतो आणि त्या संकेतासाठी लेझर किती तीव्र ठेवायचा, खुणा कशा उमटवायच्या, याची पद्धत आपल्या फर्मवेअरमधून, म्हणजे रायटरच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून, निवडतो. संकेत ओळखीचा नसेल तर सर्वसाधारण पद्धतीवर काम भागवले जाते. ‘हाच रायटर एका डिस्कवर छान लिहितो आणि दुसरी बिघडवतो’ या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते. इमगबर्नसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्क घातल्यावर हा संकेत दिसतो. ताइयो युडेन या जपानी कंपनीच्या डिस्क चांगल्या मानल्या जात, त्यामुळे त्यांचा संकेत लावलेला नकली मालही निघाला. त्या कंपनीने 2015 मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले. नवी डिस्क घ्यायची असेल तर आधी लहान पाकीट आणून दोन-तीन लिहून पाहावीत. पन्नासचा गठ्ठा स्वस्त पडतो म्हणून आधी तोच उचलणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

रायटर जुना आणि डिस्क नवी असेल, तर फर्मवेअर अद्ययावत केल्याने फरक पडू शकतो. ते आपल्या नेमक्या मॉडेलचेच असावे. जुळ्या दिसणाऱ्या मॉडेलचे चढवून रायटर कायमचा गमावलेले लोक मला माहीत आहेत. ते चढत असताना वीज जाऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते.

रायटर मंद झाला की त्यालाच दोष देणे

हे रुंद पट्टीच्या आयडीई केबलवर चालणाऱ्या जुन्या संगणकांपुरते आहे, पण तसे संगणक अजून वापरात दिसतात. विंडोज एक्सपीमध्ये त्या जोडणीवर चुका साचत गेल्या, आणि साधारण सहा चुकाही त्याला पुरतात, तर यंत्रणा डीएमए ही मेमरीशी थेट देवाणघेवाण करणारी वेगवान पद्धत सोडत सोडत शेवटी प्रोसेसरला राबवणाऱ्या संथ पीआयओवर येते आणि आपणहून परत वर जात नाही. पीआयओचा कमाल वेग कागदोपत्री सेकंदाला 16.6 एमबी, तर सोळापट लेखनाला हवेत सुमारे 22 एमबी. परिणाम असा की माउस अडखळतो, बफरची, म्हणजे लेखनासाठी आधीच भरून ठेवलेल्या मजकुराच्या तात्पुरत्या साठ्याची, टक्केवारी खालीवर होत राहते आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी याच कारणासाठी रायटर दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा नवा रायटर आठवड्याभरात तसाच वागू लागला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन संबंधित आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू केला, तर डीएमए परत येते. पण केबल सैल किंवा खराब असेल तर चुका पुन्हा साचतात. त्या गृहस्थांची केबल बदलली आणि प्रकरण मिटले. ऐंशी तारांची चांगली केबल वापरावी.

बफर रिकामा झाला तर लेखन थांबवून पुन्हा जोडणारी सोय आता सर्वच रायटरमध्ये असते. तिच्या जोरावर लेखन सुरू असताना खेळ खेळणाऱ्यांनी प्रत्येक थांब्याच्या जागी एक सांधा पडतो हे ध्यानात ठेवावे. मी त्या दहा मिनिटांत संगणकाला हात लावत नाही.

थोडक्यात सांगण्यासारखे

कोरी डिस्क डीव्हीडी प्लस आर घ्यावी की डीव्हीडी मायनस आर, हा वाद आता जुना झाला आहे, कारण गेल्या कित्येक वर्षांतील रायटर दोन्ही लिहितात. प्रश्न उरतो तो जुन्या प्लेअरचा. त्यांच्यासाठी मायनस आर वापरावी, किंवा प्लस आर लिहिण्यापूर्वी बुक टाइप, म्हणजे डिस्कचा प्रकार सांगणारी तिच्यावरील नोंद, डीव्हीडी-रॉम असा करून घ्यावा. लिहून झाल्यावर तो बदलता येत नाही.

डिस्क फायनलाइज केली नसेल, म्हणजे लेखन बंद करून पक्की केली नसेल, तर दुसरीकडे ती कोरी वाटू शकते. विंडोज ‘यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की प्लेअरवर चालवायची’ असे विचारते तेव्हा न वाचता पहिला पर्याय दाबणारे पुढे हेच गाऱ्हाणे घेऊन येतात.

एमपीफोर फाइल डिस्कवर टाकली म्हणजे डीव्हीडी व्हिडिओ तयार होत नाही. साध्या प्लेअरला एमपीईजी-2 स्वरूपातील चित्रण आणि ठरावीक रचनेचा व्हिडिओ टीएस फोल्डर लागतो.

चिकटवायची कागदी लेबले लावू नयेत. मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या डिस्कचा तोल तेवढ्याने बिघडतो, आणि वाळताना कागद डिस्कला वाकवतो.

पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू चाचणीसाठी ठीक आहे, जपणुकीसाठी वापरू नये. दोन थरांची 8.5 जीबीची डिस्क मी टाळतो. दोन एकेरी डिस्क वापरणे मला अधिक निर्धास्त वाटते.

लॅपटॉपच्या ड्राइव्हकडून डेस्कटॉपच्या वेगाची अपेक्षा करू नये. यूएसबीवरील बाह्य रायटर हबऐवजी थेट संगणकाला जोडावा. अपुऱ्या विजेवर लेखन मध्येच तुटते.

पॉवर कॅलिब्रेशन एरर

हा संदेश दिसला की लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात. लेखनापूर्वी रायटर डिस्कवरील राखीव जागेत लेझरची तीव्रता चाचपून पाहतो. ती चाचणी फसली, एवढाच याचा अर्थ. आधी वेगळ्या उत्पादकाची डिस्क घालून पाहावी, मग वेग कमी करावा, आणि भिंगावरील धूळ हाताने दाबायच्या हवापंपाने झटकावी. ब्रश असलेल्या सफाईच्या डिस्कवर माझा विश्वास नाही. ओळखीच्या, चांगल्या तीन प्रकारच्या डिस्कवर हाच संदेश येत असेल तर लेझर थकला आहे असे धरून नवा रायटर आणावा. जुना मात्र लगेच टाकू नये. त्याने लिहिलेल्या सर्व डिस्क नव्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहाव्यात आणि ज्या अडतील त्या जुन्याच्याच मदतीने आधी उतरवून घ्याव्यात.