थोरोंगपासून उलटं मोजत: अन्नपूर्णा सर्किटची तयारी

नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट हा ट्रेक ठरला की बहुतेकांची तयारी बुटांच्या खरेदीने सुरू होते. बूट घ्यायचेच आहेत, पण आधी एक कोरा कागद घ्या आणि त्याच्या तळाशी लिहा: थोरोंग ला, 5,416 मीटर. ही या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा प्राणवायू हाताला लागतो. आता त्या दिवसापासून वर वर, उलटं लिहीत जा: आदल्या रात्री कुठे झोपणार, त्याच्या आदल्या रात्री कुठे. ही उलटी यादी नीट जमली की वाटेवरची बघायची ठिकाणं कुठे बसवायची हा प्रश्न आपोआप सुटतो. कारण तीच ठिकाणं बघताना शरीर उंचीला सरावतं.

नियम साधा आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवायचा. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. आता मोजा. खिंडीच्या आदल्या रात्री थोरोंग फेदी, साधारण साडेचार हजार मीटर. त्याच्या आदल्या रात्री याक खर्का, चार हजारांच्या थोडं वर. त्याआधी मनांग, 3,540. फेदीच्या वर हाय कॅम्प आहे आणि दुपारी लवकर पोचलेली मंडळी 'उद्याची चढण आजच उरकू' म्हणून तिथे चढतात. याक खर्क्याहून निघून त्याच दिवशी हाय कॅम्पला झोपायचं म्हणजे एका दमात आठशे मीटर. रात्र डोकं धरून बसण्यात जाते. फेदीलाच थांबा आणि पहाटे निघा.

मनांगची उंची कळसूबाईच्या दुपटीहून जास्त आहे, हे एकदा मनाशी नीट घोळवा. सह्याद्रीत पाय तयार होतात, गुडघे तयार होतात, पण विरळ हवेची सवय इथे बसून लागत नाही. ती तिथेच, दिवस घालवून लावायची. आता तर मनांगपर्यंत जीपचा रस्ता झाला आहे, त्यामुळे सुरुवातीच्या बेसीशहरहून निघून भलत्याच वेगाने साडेतीन हजारांवर पोचता येतं. सुट्टी कमी असली की हा मोह होतो. दिवस वाचवायचेच असतील तर खालच्या टप्प्यात, चामेपर्यंत वाचवा. तिथपर्यंतचा बराचसा रस्ता तसाही धुरळ्याचा आहे. चामेनंतर मात्र चाला.

आता बघण्याची यादी, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही. पिसांगला पोचल्यावर खालच्या गावात न थांबता वरच्या पिसांगला, 3,300 मीटरवर मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी नदीकाठचा सरळ रस्ता सोडून घ्यारूची चढण घ्या. वळणावळणांनी साडेतीनशे-चारशे मीटर, दम काढणारी, आणि वर पोचलं की समोर अख्खा अन्नपूर्णा-2 (7,937 मीटर). रात्र ङावलला. नकाशावर पाहिलं तर हा वळसा वाटतो; पण या वाटेने तुम्ही दिवसभर साडेतीन हजारांच्या पुढे वावरता आणि मनांगला उतरता तेव्हा शरीराला त्या उंचीची ओळख झालेली असते. खालच्या रस्त्याने आलेले आणि वरून आलेले मनांगच्या जेवणघरात चेहऱ्यावरून ओळखू येतात.

मनांगच्या अलीकडे ब्रागा. डोंगराच्या कडेला चिकटून एकावर एक रचलेली घरं आणि त्यांच्या डोक्यावर शेकडो वर्षं जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. तो बहुतेक वेळा कुलूपबंद असतो, तेव्हा गावात चौकशी करून किल्लीवाल्याला गाठण्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा. जवळच मिलारेपा या तिबेटी संतकवीच्या नावाची गुहा आहे. तिथे जाऊन येणं हा मनांगच्या जादा दिवसाचा उत्तम उपयोग. दम जास्त असेल तर बर्फाचं तळं, किचो ताल, साधारण 4,600 मीटर. एका दिवसात हजार मीटर चढून परत खाली झोपायला येणं म्हणजे खिंडीची रंगीत तालीमच. गंगापूर्णा हिमनदीच्या पायथ्याचं तळं अगदी गावालगत आहे, ते संध्याकाळी पाय मोकळे करायला.

तिलिचोचं काय, हे सगळेच विचारतात. 4,919 मीटरवरचं निळं तळं, पाहावं असंच आहे. पण त्याला तीन दिवस द्या. दोन देणार असाल तर ते गाळा. बेस कॅम्पकडे जाणारी वाट घसरड्या मुरमाच्या उतारावरून आडवी जाते, वरून दगड येतात. तिथे सकाळी लवकर, अंतर ठेवून, फोटोसाठी न थांबता चालायचं. तीन दिवस असतील तर मात्र तिलिचोनंतर थोरोंग बऱ्यापैकी सोपी जाते, कारण जवळजवळ पाच हजारांवर तुम्ही आधीच जाऊन आलेले असता.

मनांगमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. वेळ जुळवून जा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं यातलं काही सुरू झालं तर त्याच उंचीवर थांबायचं. तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे घरूनच डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर. तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं. हे आधी माहीत असलं की रात्री दोनला घाबरायला होत नाही. आणि गटात ठरवून ठेवा: डोकं दुखतंय हे लपवणाऱ्याला माफी नाही.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. ऑक्टोबर सर्वात भरवशाचा समजतात, पण 2014 च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातल्या हुदहुद वादळाचं उरलंसुरलं इथे येऊन बर्फ झालं आणि या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. म्हणून बेतात दोन दिवस कोरे ठेवा आणि ते खिंडीच्या अलीकडे ठेवा, पलीकडे नाही. फेदीला बसून एक दिवस पत्ते कुटायची तयारी ज्याची नाही, त्याने खिंडीच्या वाटेला जाऊ नये.

कागदपत्रं पटकन सांगतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. एकट्या आधार कार्डावर विसंबू नका. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना काठमांडूत किंवा पोखऱ्यात निघतो, चार-सहा फोटो जवळ ठेवा. 2023 च्या एप्रिलपासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला आहे. निघण्याआधी ताजा नियम विचारून घ्या, आणि नियम काहीही असो, गाईड घ्याच. विमा घेताना दोन ओळी शोधा: साडेपाच हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका. बऱ्याच पॉलिसींत यातली एक तरी नसते. पैशांचा हिशेब सोपा आहे, शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी. पण खालून निघताना खिंडीपलीकडच्या जोमसोमपर्यंत पुरेल इतकी रोकड घेऊन निघा. मधल्या गावांत एटीएम चालेल असं धरून बेत आखू नका.

पायांची तयारी तीन महिने आधी. चढायची सगळेच करतात, उतरायची कोणी करत नाही. थोरोंगवरून मुक्तिनाथला उतरताना एका दिवसात सोळाशे मीटर खाली यायचं असतं, आणि गुडघे त्या दिवशी बोलतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिने चढा, आणि लिफ्टने न येता जिन्यानेच उतरा. बूट निदान शंभरेक किलोमीटर चालून झालेले हवेत. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा. निघायच्या सकाळी कापलेली कोपऱ्यात टोचतात. दोन काठ्या घ्या, त्या उतारासाठीच आहेत.

सॅक दहा किलोच्या आत, पाण्यासकट. कपडे थराथराने: अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं. जाड एकच जॅकेट नेलं तर चढताना घामाने भिजता आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. हातमोजे दोन जोड, आत पातळ आणि वर जाड. बर्फ असेल तर बुटांना लावायचे काटे. गॉगल स्वस्तातला नको, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं. हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या.

पाण्याचं मी अनुभवाने सांगतो. खिंडीच्या पहाटे मी ऐटीत नळीची पिशवी पाठीला लावून निघालो होतो. तासाभराने नळी ओढली तर काहीच येईना. बोटांनी दाबून पाहिली तर आतलं पाणी कडक झालेलं, बर्फाची कांडी. दोन लिटर पाणी पाठीवर आणि घसा कोरडा, असा मी खिंड चढलो. पुढच्या वेळी रुंद तोंडाची बाटली नेली, मोज्यात घालून, सॅकमध्ये उलटी. बर्फ वरून धरतो, म्हणजे तोंड मोकळं राहतं. पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या गोळ्या न्या आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. वाटेत काही गावांत शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, तिथे बाटली भरून मिळते आणि प्लास्टिकही वाचतं. फोन आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी.

पहाटे चार-पाचला निघून दहाच्या आत खिंड ओलांडायची, कारण नंतर वारा सुटतो. पलीकडे मुक्तिनाथ. पोखऱ्याहून जीपने आलेल्या भाविकांच्या रांगेत तुम्ही धुळीने माखलेले उभे राहाल. 108 मुखांतून पडणारं पाणी बर्फासारखं असतं. खिंडीच्याच दिवशी दमलेल्या अंगाने त्याखाली जाऊ नका. रात्र काढा, सकाळी कोरडे कपडे आणि पंचा घेऊन जा. शेजारी ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूवर जळणारी ज्योत आहे, वाकून पाहावी लागते. मग कागबेनी, काली गंडकीच्या पात्राकाठी. इथले शाळिग्राम म्हणजे एका आटलेल्या समुद्रातल्या शिंपल्यांचे, अॅमोनाइटचे जीवाश्म. हिमालय उभा राहण्याआधी इथे टेथिस समुद्र होता. पात्रातून चालायचं ते सकाळीच. दुपारी वारा वाळू उचलून तोंडावर मारतो, तेव्हा नाकातोंडाला बांधायला बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) किंवा पंचा सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा.

मार्फा पांढऱ्या भिंतींचं, सफरचंदांच्या बागांचं गाव, तिथे एक आळशी दुपार राखून ठेवा. त्यापुढे तातोपानी, गरम झऱ्याचं. तिथून पून हिल ही टेकडी (3,210 मीटर) बहुतेकांच्या यादीत असतं, पण 1,200 वरून पुन्हा दोन हजार मीटर चढायचं आहे हे लक्षात घेऊन दोन दिवस द्या. पाय शिल्लक नसतील तर गरम पाण्यात बसा, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

परतीचं तिकीट शेवटी काढा. जोमसोमची विमानं वाऱ्यामुळे सकाळीच उडतात आणि ढग आले की उडतच नाहीत. मग पोखऱ्यापर्यंत जीपने पूर्ण दिवस जातो. घरच्यांना सांगताना परतीची तारीख तीन दिवस पुढची सांगा.